घागबाईंच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

तुळसा घाग यांना शाळेत सगळे तोंडावर घागबाई म्हणत आणि पाठीमागे संकासूर. शिमग्यात काळा झगा घालून पोरांच्या मागे लागतो तो संकासूर. बाई कोणाच्या मागे धावत नसत, पण शंका घ्यायला त्यांना कारण लागायचं नाही. आपल्याला असं नाव पडलंय हे बाईंना ठाऊक होतं. ते कोणी पाडलं असेल, याचाही त्यांना संशय होता.

शाळा अलोऱ्याच्या कॉलनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कॉलनीत वीजप्रकल्पाची माणसं भरपूर होती तेव्हा एकेका वर्गाच्या तीन-तीन तुकड्या होत्या. पुढे कॉलनी रिकामी होत गेली, क्वार्टरांच्या पायऱ्यांवर गवत वाढलं, तुकड्याही कमी झाल्या. ऑफिस मात्र पूर्वीइतकंच मोठं राहिलं आणि त्या ऑफिसात घागबाई मुख्य लिपिक होत्या. त्या टेबलावरून उठल्या की पेन बरोबर नेत. परत आल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण तपासून बघत. शिक्षकांच्या खोलीत बोलणारी माणसं आपण गेल्यावर गप्प झाली, तर ती आपल्याबद्दलच बोलत होती असं त्या धरून चालत.

त्या जन्मापासून अशा नव्हत्या. त्यांचे यजमान मुंबईत भांडुपला एका कंपनीत होते आणि गणपतीला, शिमग्याला गावी यायचे. एका गणपतीत बाई त्यांचे कपडे धुवायला बसल्या आणि त्यांच्या हाताला शर्टाचं एक बटण लागलं. तुटलेलं बटण कोणीतरी पुन्हा लावलं होतं. दोरा शर्टाच्या रंगाचा, टाके बारीक, आतल्या बाजूला गाठ मारून दोरा जवळून कापलेला. यजमानांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. बाईंनी विचारलं तेव्हा ते हसले, म्हणाले, खोलीवरच्या शेजाऱ्याने लावलं. सासू म्हणाली, पोरीचं डोकं फिरलंय. भावाने समजूत काढली. सगळ्यांनी मिळून त्यांना शंकेखोर ठरवलं. मग एके दिवशी बाई कोणाला न सांगता मुंबईला गेल्या, भांडुपची ती चाळ शोधली आणि दार वाजवलं. दार एका बाईने उघडलं. तिच्या कडेवर मूल होतं.

त्यानंतर घागबाई माहेरी आल्या, नोकरीला लागल्या आणि कॉलनीच्या खालच्या अंगाला दोन खोल्या घेऊन एकट्या राहू लागल्या. सगळं जग एका बाजूला असताना आपला संशय खरा निघाला, एवढी एक गोष्ट त्यांनी गाठीला बांधली. तो एकदाच खरा निघाला होता, पण बाईंना तेवढं पुरेसं होतं.

तर अशा बाईंच्या टेबलावरचा कॉम्प्युटर एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर उलटा झाला. म्हणजे डबा सरळच होता, पण पडद्यावरचं सगळं खाली डोकं वर पाय. बाईंनी मान वाकडी करून बघितलं. माऊस वर नेला की बाण खाली जायचा. शिपाई शिवा चहाचे कप उचलायला आला होता, तोही मान वाकडी करून उभा राहिला.

"डबाच उलटा ठेवूया की बाय," तो म्हणाला. "म्हंजे सरळ दिसंल."

कॉम्प्युटर शिकवणारा रितेश पालांडे वर्गावरून आला. त्याने कीबोर्डवरची दोन बटणं दाबून धरली, तिसरं दाबलं आणि पडदा सरळ झाला.

"हे कशानं झालं?" बाईंनी विचारलं.

"शॉर्टकट असतो बाई. चुकून दाबला गेला असेल, नाहीतर कोणीतरी मुद्दाम गंमत केली असेल."

त्या वाक्यातला 'मुद्दाम' एवढाच शब्द बाईंच्या कानात राहिला. गलका ऐकून मुख्याध्यापक चाळके सर केबिनच्या दारात आले. उंच, गंभीर माणूस, आवाज कधी चढायचा नाही. "काय झालं घागबाई?"

"सर, यात कोणाचा तरी हात आहे."

"असं?" सर म्हणाले. चष्मा काढून पुसला आणि आत गेले.

पुढच्या आठवड्यात पडद्यावरची अक्षरं एकाएकी चिऱ्याएवढी मोठी झाली. एका नावातलं एक अक्षर दिसायचं, बाकीचं नाव पडद्याबाहेर. त्यानंतर एकदा सगळा पडदा काळाठिक्कर झाला आणि त्यावर पिवळी अक्षरं उमटली. आणि मग कॉम्प्युटर बोलू लागला. बाई जिथे बाण नेतील तिथलं नाव एक इंग्रजी बाई खणखणीत आवाजात वाचून दाखवायची. मुलाचा दाखला न्यायला आलेले एक म्हातारे बाकावर बसले होते. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि अदबीने विचारलं, "आतल्या बाय काय म्हंतायत? दाखला नाय मिळनार?"

दर वेळी रितेश यायचा आणि चुटकीसरशी सगळं जागेवर आणायचा. म्हणून बाईंचा पहिला संशय त्याच्यावर. ज्याला काढता येतं त्यालाच घालता येतं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी त्याला आडवळणाने विचारलं, मग सरळच विचारलं. रितेशला राग आला. तो ऑफिसात डबा खायला यायचा तो बंद झाला. शिवाची चौकशी झाली. "मना काय ठावं नाय बाय," तो म्हणाला, "मी त्या पेटीवरची धूळ पन तुम्हांला विचारून पुसतो." ते खरंच होतं, म्हणून बाईंनी त्याला तात्पुरतं सोडून दिलं.

चौकशीत जे जे निघेल ते बाई केबिनमध्ये जाऊन चाळके सरांना सांगत. सर हातातलं काम बाजूला ठेवत आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकत. मध्येच एखादा प्रश्न विचारत. "शिवा त्या वेळी कुठे होता?" "दार उघडं होतं की लोटलेलं?" इतकं मन लावून आपलं कोणी ऐकत नाही, हे बाईंना माहीत होतं. साऱ्या शाळेत एक माणूस बिनसंशयाचा होता आणि तो केबिनमध्ये बसत होता.

सरांनीच सुचवलं, "पासवर्ड बदला."

बाईंनी बदलला. नियमाप्रमाणे तो मुख्याध्यापकांना सांगणं भाग होतं. तो त्यांनी केबिनचं दार लोटून हळू आवाजात सांगितला. आणखी एकाला सांगावा लागला, तो सम्यकला.

सम्यक मोहिते हा कंत्राटावरचा ऑपरेटर. पगाराची बिलं, मुलांची ऑनलाइन माहिती, सगळं तोच भरायचा आणि त्यातली काही कामं बाईंच्या कॉम्प्युटरवरच व्हायची. जवळच्याच एका गावातल्या बौद्धवाडीतला मुलगा, बी.कॉम. झालेला, स्पर्धा परीक्षा देत होता. आईबरोबर राहायचा. कामाशी काम. विचारलं तर बोलायचा, नाहीतर नाही. त्याचं कंत्राट दर जूनला नव्याने व्हायचं आणि त्यासाठी ऑफिसचा शेरा लागायचा.

पासवर्ड बदलल्यावरही पडदा उलटा झालाच. आता पासवर्ड ठाऊक असलेली माणसं बाई सोडून दोन. त्यातल्या एकाचा प्रश्नच नव्हता.

बाई सम्यककडे बघू लागल्या. तो सकाळी सगळ्यांच्या आधी का येतो? मोबाइलकडे बघून मध्येच हसतो कशाला? आपण आलो की पडद्यावरची खिडकी बंद का करतो? त्यांनी पुन्हा पासवर्ड बदलला आणि या वेळी सम्यकला सांगितला नाही. तो काम सांगायचा, त्या स्वतः उठून पासवर्ड टाइप करून द्यायच्या. तरीही दोन दिवसांनी अक्षरं चिऱ्याएवढी झाली. तेव्हा बाईंनी ठरवलं की हा आपली बोटं बघतो. शांत माणसाची नजर तीक्ष्ण असते.

त्या दिवशी सुट्टी संपता संपता ऑफिसात चार-पाच शिक्षक होते. सम्यक बॅग घेऊन बाहेर निघाला तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब. बॅग उघड."

"का मॅडम?"

"उघड म्हणते ना. असले शॉर्टकट कुठेतरी लिहून ठेवले असतील."

सम्यकने बॅग टेबलावर ठेवली आणि चेन ओढली. आत डबा होता, छत्री होती, सामान्य ज्ञानाचं जाडं पुस्तक होतं. बाईंनी पुस्तक उलटं धरून झटकलं. त्यातून बसचं एक तिकीट पडलं. सम्यकने ते उचललं, सगळं परत आत भरलं आणि तो बाहेर गेला.

बाई तशाच केबिनमध्ये शिरल्या. "सर, जूनपासून तो मुलगा नको. मी शेरा चांगला लिहिणार नाही."

चाळके सरांचा चेहरा उतरला. "घाई नको घागबाई. पुरावा तर काही नाही."

"माझ्या यजमानांच्या वेळीही सगळे हेच म्हणत होते."

"बघू," सर म्हणाले. "बघू आपण."

बाई बाहेर आल्या त्या नवीन प्रश्न घेऊनच. सर त्या मुलाला पाठीशी का घालतायत?

त्यानंतर सम्यकने एक दिवसाची रजा टाकली. आईला चिपळूणला डॉक्टरांकडे न्यायचं कारण दिलं होतं. बाईंना ते कारण पटलं नाही. आपण नसताना गडबड झाली म्हणजे आपण सुटलो, असा त्याचा बेत असणार. म्हणजे त्याचा कोणीतरी साथीदार आहे. ऑफिसला लागून जुन्या रेकॉर्डची खोली होती. सुट्टीची घंटा होताच बाई डबा घेऊन बाहेर गेल्या, मागच्या दाराने त्या खोलीत शिरल्या आणि दोन कपाटांच्या मध्ये उभ्या राहिल्या. दाराच्या फटीतून त्यांचं टेबल समोर दिसत होतं. बाहेर खिचडीच्या रांगेत पोरांचा कल्ला चालला होता. कपाटाला वाळवीचा वास होता. बाईंना शिंक येऊ लागली, ती त्यांनी पदर तोंडावर दाबून जिरवली.

केबिनचं दार उघडलं आणि चाळके सर बाहेर आले.

काही कागद हवा असेल, असं बाईंना वाटलं. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग बाईंच्या खुर्चीमागे गेले. वाकले. एका बोटाने शोधत शोधत पासवर्ड टाकला. मग डावा तळवा डोळ्यांजवळ नेऊन त्यावर लिहिलेलं काहीतरी वाचलं आणि बेतशीर तीन बटणं दाबली. पडदा उलटा झाला. सरांनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले. सरांना झटका आला, असंच बाईंना क्षणभर वाटलं आणि त्या हाक मारणार होत्या. मग त्यांना दिसलं की सर हसतायत. एवढ्या वर्षांत बाईंनी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

सर केबिनमध्ये परतले तरी बाई तिथेच उभ्या होत्या. प्रत्येक नवा पासवर्ड आपण याच माणसाच्या कानात सांगितला, हे त्यांच्या मनात आलं. त्या बाहेर आल्या आणि दार न वाजवता केबिनमध्ये गेल्या.

"मी आतल्या खोलीत होते सर."

चाळके सरांनी डावा हात टेबलाखाली घेतला. मग उगाच लपवला असं वाटून पुन्हा वर ठेवला. तळव्यावर निळ्या शाईने बाण काढलेला होता.

"बसा घागबाई."

"बसत नाही. किती हसलात माझ्यावर?"

"तुमच्यावर नाही हो." सर म्हणाले. "दिवाळीत पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नात आहे, तेजस्वी नाव तिचं. तिने माझा लॅपटॉप असाच उलटा केला आणि मी घाबरलो. मग इतके हसलो आम्ही दोघं. म्हटलं, आपल्या ऑफिसातही जरा हसतील सगळे. पण कोणी हसलंच नाही. तुम्ही तपास सुरू केलात. रोज येऊन सांगायला लागलात, आज हा सापडला, आज तो. एरवी माझ्या केबिनमध्ये सही घ्यायचं काम असल्याशिवाय कोण येतं? मला त्या तपासाचीच गोडी लागली."

"आणि तो पोरगा?"

"त्याची बॅग तुम्ही उघडलीत, ते मला नंतर कळलं."

"कळल्यावरही आज परत केलंत."

"तो रजेवर आहे म्हणून केलं." सरांनी मान खाली घातली. "तो नसताना झालं म्हणजे तुमचा संशय त्याच्यावरून उठेल, असं वाटलं. सरळ येऊन सांगायचा धीर होईना."

बाई उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "नसता उठला सर. मी म्हटलं असतं, त्याने दुसऱ्याकडून करवलं. त्याचा साथीदार पकडायलाच मी त्या खोलीत शिरले होते."

हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. समोरचा माणूस चुकला होता, त्यांना हवा तसा रंगेहाथ सापडला होता, पण भांडुपच्या दारात उभ्या असताना पायाखाली जी घट्ट जमीन लागली होती ती आज लागत नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं. कॉम्प्युटर मी उलटा करत होतो. सुरुवातीला कोणाला कळेना की सर काय म्हणतायत. मग रितेश हसला, त्याच्यामागे सगळे हसले. "सर तुम्ही?" असं जो तो विचारू लागला. शिवा तर डोळे पुसायला बाहेर गेला. सरांचाही चेहरा मोकळा झाला. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सम्यकला म्हटलं, "तूही मनावर घेऊ नकोस रे." सम्यकने मान हलवली. तो हसला नव्हता. थोड्या वेळाने तो आपल्या जागेवर जाऊन अर्धवट राहिलेलं पगाराचं बिल भरू लागला.

घागबाई ते बघत होत्या. सगळी गोष्ट हसण्यावारी संपली होती, पण त्यांच्या वाट्याची अजून बाकी होती. सोमवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी ऑफिसात आल्या. सम्यक तेव्हाही आलेला होता.

"सम्यक, माझं चुकलं."

"ठीक आहे मॅडम." त्याने मान वर केली नाही.

"ठीक नाहीये. मी सगळ्यांवरच संशय घेते, तुला एकट्यालाच असं नाही..."

"रितेश सरांची बॅग उघडायला सांगितली नव्हती तुम्ही."

सम्यकचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. मग तो सावकाश बोलू लागला. "चौथीत होतो मॅडम. वर्गात कोणाचं काही हरवलं की गुरुजी आधी माझं दप्तर पालथं करायचे. कधी काही सापडलं नाही, पण दर वेळी माझंच. आई सांगायची, वाद घालायचा नाही, उघडून दाखवायचं, म्हणजे लवकर संपतं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात उघड, तर माझे हात आपोआप चेनीवर गेले. तुमचा आला नसेल इतका मला माझ्या हातांचा राग आला."

मी जात बघून केलं नाही, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. खरंच नव्हतं केलं का, याची मात्र त्यांना खात्री देता येईना. सगळ्यांवर संशय होता तर हुकूम एकालाच का दिला? रितेशला म्हटलं असतं तर त्याने आवाज चढवला असता. शिवा रडला असता. हा गप उघडेल, हे त्यांना आधीच कसं ठाऊक होतं?

"तुझं बरोबर आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत सगळे जमल्यावर बाई उठल्या. ज्यांच्यासमोर बॅग उघडायला लावली होती ती माणसं आहेत ना, हे एकदा बघून घेतलं आणि बोलल्या. "सम्यकची बॅग मी उघडायला लावली. त्याने काही केलेलं नव्हतं. आणि केलं असतं तरी तो हक्क माझा नव्हता. मी त्याची माफी मागते." कोणी हसलं नाही. पुन्हा ऑफिसात डबा खायला येऊ लागलेल्या रितेशने डब्यात मान घातली. सम्यक खिडकीबाहेर बघत राहिला.

जूनमध्ये त्याचं कंत्राट पुढे चालू झालं. बाईंनी शेरा लिहिला तो दोन ओळींचा आणि खरा. त्यांच्यात आणि सम्यकमध्ये कामापुरतं बोलणं राहिलं. बाई बदलल्या वगैरे म्हणण्यासारखं काही घडलं नाही. बाटलीचं झाकण त्या अजून तपासत. फक्त एखाद्याचं नाव मनात आलं की त्या पहिल्यासारख्या उठून केबिनकडे जात नसत. थोडा वेळ बसून राहत. काही वेळा त्यातच ते नाव निघून जाई. चाळके सर सही झालेले कागद द्यायला कधी कधी स्वतःच बाहेर येऊ लागले. पंखा फिरतोय का असं काहीतरी विचारत आणि खुर्ची ओढून बसत.

गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी दुपारी सम्यक बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, आईला इथल्या दवाखान्यात आणलंय. इंजेक्शन दिलंय, चक्कर येतेय तिला. गाडी पाचला आहे." तो थोडा अडखळला. "तोपर्यंत तुमच्याकडे टेकली तर चालेल?"

बाई लगेच उठल्या. सम्यकची आई सुंदराबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या दंडाला धरून बाईंनी त्यांना हळूहळू घरी आणलं. स्वतःच्या कॉटवर चादर बदलून निजवलं आणि पंखा लावला. गरम पेज करून आणली. सुंदराबाईंनी दोन घोट घेतले आणि खोलीवरून नजर फिरवली.

"येकट्याच ऱ्हाता बाय?"

"हो."

"करमतं?"

हे बाईंना आजवर कोणी विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यावं याचा त्या विचार करत राहिल्या आणि तेवढ्यात सुंदराबाईंचा डोळा लागला.

पाचच्या आधी सम्यक आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. बाई म्हणाल्या, "आत ये. झोपलीय अजून. चहा टाकते." तो आत येऊन भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसला. बाईंनी कप दिला. त्याने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर कमी आहे का?" बाईंनी विचारलं.

"थोडी," सम्यक म्हणाला.

बाई स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणायला गेल्या.